भांडणाच्या धुऱ्यावरची मुसळी

ईरा आणि निहार,

मागच्या रविवारी फोनवर निहारनं मला विचारलं, "आजी, एखादी वनस्पती नाहीशी होताना तू स्वतः पाहिली आहेस का?" शाळेत त्याला त्यावर दोन पानं लिहायची होती. मी "नाही रे" म्हटलं आणि जेवायला काय केलंत ते विचारलं. फोन ठेवल्यावर मात्र मला चैन पडेना. नाहीशी होताना पाहिली नाही, हे खरं आहे. पण एक वनस्पती मी माझ्या हातानं जवळजवळ संपवली होती, आणि तीही मोठ्या टापटिपीनं. ज्यांची ती होती ते चाचा मागच्या हिवाळ्यात गेले. आता माझं उत्तर तपासून पाहणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून ते नीट लिहून ठेवते. तुमचं मराठी वाचन हळू चालतं हे मला माहीत आहे. सावकाश वाचा.

चाचा म्हणजे मालेगावचे माझे घरमालक. हे मालेगाव नाशिककडचं नव्हे. आपलं, वाशिमच्या रस्त्यावरचं. तुमचे आजोबा गेल्यावर शाळेतल्या नोकरीची शेवटची चार वर्षं मी तिथे दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. पुढे रस्त्यावर चाचांचं दुकान, त्याच्या मागे माझ्या खोल्या, त्यांच्या मागे परस, आणि वरच्या मजल्यावर चाचा एकटे. बायको केव्हाच वारलेली, मुलगा नागपूरला. दुकान मुळ्या, साली, बिया आणि सुक्या फळांचं, त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. कोणी 'हकीमसाहेब' म्हटलं की ते चिडत.

"मी हकीम नाई, पसारी हाय. रोग डॉक्टरले दाखवा, मुळी मले विचारा."

दुकानात भिंतभर बरण्या होत्या आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती. हे मला तीन दिवसांत असह्य झालं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी रिकाम्या डब्यावरसुद्धा 'रिकामा' अशी चिठ्ठी लावते. एका सुट्टीत बसून मी पुठ्ठ्याचे सारखे तुकडे कापले, त्यावर चाचांना विचारून विचारून नावं लिहिली आणि गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी एक चिठ्ठी लांब धरून वाचली.

"अक्षर मोत्यावानी हाय, बाई. पन चिठ्ठी लागली की मानूस चिठ्ठीच वाचते. मंग नाक कायले देल्लं अल्लानं?"

गठ्ठा त्यांनी फेकला नाही. पुड्या बांधायचा दोरा गुंडाळायला ते पुठ्ठे वर्षभर पुरले.

गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "झाड पाह्यलं काय?" समोरच्यानं मान हलवली की पुडी बांधायचं थांबे. "जा, मागं जा. पह्यले त्याले सलाम करा, मंग त्याले उकळा." परसात त्यांनी अडुळसा, शतावरी, गुळवेल, निर्गुडी, असं पुष्कळ काही लावलेलं होतं, आणि तिथे जायची वाट माझ्या स्वयंपाकघराच्या दारावरून होती. मी पोळ्या लाटत असले की खोकणारी, लंगडणारी, पोट धरलेली माणसं एकामागून एक दारावरून जात. पोहरादेवीकडच्या एका पाहुण्यांनी तर दारात थांबून मलाच हात जोडले. चाचांनी त्यांना मागे जाऊन नमस्कार करायला सांगितलं होतं; कोणाला, ते सांगितलं नव्हतं. मी त्यांना अडुळसा दाखवला. त्यांनी त्यालाही हात जोडले, आणि निघताना पुन्हा मलाही.

भाडेकरू म्हणून मी याची तक्रार केली. चाचा म्हणाले, "ज्याचं तोंड मानसानं पाह्यलं नाई, थे मेलं तरी त्याले समजत नाई, बाई." मी इंग्रजी शिकवणारी, वाक्य ऐकून गप्प बसले, कारण ते चांगलं वाक्य होतं. तक्रार मात्र माझ्या लेखी कायम राहिली.

दुकानात सगळ्यांत वरच्या फळीवर दोन बरण्या होत्या, दोन्ही रिकाम्या. चाचा रोज सकाळी स्टुलावर चढून आधी त्या पुसत, मग बाकीच्या. एकीत पूर्वी मैदालकडी असे, मुका मार लागला की लोक जिचा लेप लावतात ती साल. ही झाडं त्यांच्या तरुणपणी रानात सापडत. सालीसाठी सोलून सोलून संपली. कोणी मैदालकडी मागितली तर चाचा ती बरणी खाली काढत, झाकण उघडत आणि गिऱ्हाइकापुढे धरत. "वास घ्या. आता इतलंच हाय." लोक घेतही. दुसऱ्या बरणीत काय होतं ते मी विचारलं.

"कोनता तरी कंद होता. अब्बाले माहीत होतं."

"मग नाव?"

"नाव अब्बासंग गेलं. थ्याची चिठ्ठीबी नव्हती," असं म्हणून ते माझ्याकडे पाहून हसले आणि बरणी पुसत राहिले.

आता मुसळीकडे येते.

पांढरी मुसळी तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून चाचांच्या नियमाप्रमाणे आधी ओळख. पावसाळ्यात ती जमिनीलगत लांब हिरवी पाती पसरते आणि मधून पांढऱ्या फुलांचा दांडा काढते. दिवाळीच्या आधीच पानं वाळतात आणि जमिनीवर खूणही उरत नाही. सगळा उन्हाळा ती खाली निजून असते. खाली मुळ्यांचा झुपका असतो, अगदी हाताच्या बोटांसारखा, पांढरा आणि रसरशीत. औषध म्हणून ही बोटं वाळवतात. बाळंतिणीच्या लाडवांत ती पडते, अशक्त माणसाला दुधातून देतात. पण ही सगळी बोटं वर जिथे जुळतात तिथे एक काळपट, खरबरीत बोंड असतं. त्याला डोळा म्हणतात. चाचांच्या वऱ्हाडीत डोया. पुढचा कोंब फक्त तिथून येतो. बोट कितीही जाड असलं तरी डोळ्याशिवाय लावलं तर कुजून जातं.

मेडशीकडून मुळ्या घेऊन येणाऱ्या माणसांची बोचकी चाचा तराजूकडे नेण्याआधी फरशीवर उलटी करत आणि एकेक मुळी उचलून तिचं टोक बघत. डोळ्यासकट आणलेली मुळी ते घेत नसत. "बोटं घे, डोया मातीले वापस दे, अन् एक बोट तिचं तिले राहू दे. तिनं खावं काय वर्सभर?" ज्यानं डोळा आणला त्याला ते उठवून परत पाठवत. काही जण पुन्हा येत, काही दुसरं दुकान धरत.

मी एकदा म्हटलं, "चाचा, अकोटकडे शेतात लावतात की मुसळी. पोत्यानं मिळते. मग रानातल्या चार झुडपांसाठी एवढं कशाला?"

चाचांनी हातातली पुडी बांधली. मग म्हणाले, "थे शेतातली सबन एका मायची लेकरं. एक रोग आला तं एकसाथ आडवी होतीन. रानातल्यात दहा घरचं रगत हाय. कोनी थंडीतलं पक्कं, कोनी बिनपान्याचं पक्कं. शेतवाल्याले उद्या नवं बी लागलं तं कुठं जाईन थो? रानातच ना?" आणि पुडी माझ्याकडे सरकवत, "बरनीत फोटू असते, बाई. दवा रानात असते."

मेडशीच्या पुढे एक खडकाळ टेकाड आहे. तिथली मुसळी चाचांच्या मते सगळ्यांत चांगली. ती खणणाऱ्यांनी ओरबाडून नेली, आणि मग टेकाडाचा उतार फोडून कोणी सोयाबीन केलं. नांगर लागायच्या आधी चाचा स्वतः जाऊन उरलेसुरले डोळे घेऊन आले होते आणि परसाच्या कोपऱ्यात, दगडांची ओळ करून, लावले होते. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर लिहायला काही उरलं नसतं.

चैत्रात रामनवमीच्या यात्रेला चाचा दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन पोहरादेवीला जात आणि आठवडाभर तिथे पाल टाकून बसत. माझं त्या घरातलं ते दुसरं वर्ष. निघताना ते म्हणाले, "परसाकडं लक्ष ठेवजा, बाई." मी लक्ष ठेवलं. कोपऱ्यातली दगडांच्या ओळीतली जागा उघडीबोडकी, भेगा पडलेली होती. तिथे मोगरा लावून चाचांना चकित करावं असं माझ्या मनात आलं. खुरपीनं उकरलं तर आत बोटांचे झुपके. आपण आलं वाळूत पुरून ठेवतो तसा चाचांनी माल पुरला आणि विसरले, असं मी धरून चालले. दोन दिवस खपून मी ते सगळे काढले, धुतले, एकेक बोट मोडून सोललं, आणि लांबीप्रमाणे तीन सुपांत लावून उन्हात वाळवलं. काळी खरबरीत बोंडं उरली ती टोपलीभर निघाली. डोळा हा शब्द मी दुकानातून ऐकला होता, पण तो दिसायला कसा असतो ते कधी पाहिलं नव्हतं. ती मी आंघोळीच्या बंबात घातली. चांगली पेटली.

चाचा परतले तेव्हा मी सुपं ओट्यावर मांडून ठेवली होती. त्यांनी पेट्या खाली ठेवल्या, एक बोट उचललं आणि नेहमीप्रमाणे टोक बघितलं. मग दुसरं. मग तिसऱ्या सुपातलं.

"डोये कुठं हायत, बाई?"

"कसले?"

"याच्या बुडाशी कायं कायं असते थे."

"ते होय. ते कचरा म्हणून बंबात घातलं."

चाचा ओट्यावर बसले. मला वाटलं, प्रवासानं दमले. मी पाणी आणलं. त्यांनी ते हळूहळू प्यायलं, परसाच्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं आणि भांडं परत दिलं.

"वायवली मात्र लय सुरेख," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्टुलावर चढले. माझी ती वाळवलेली बोटं एका बरणीत भरून त्यांनी वरच्या फळीवर त्या दोन रिकाम्या बरण्यांच्या शेजारी ठेवली. बरणी भरलेली होती, तरी मला ती त्या दोघींहून रिकामी दिसली. दुकानातलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "चाचा, मुसळी तं हाय की वर." चाचा म्हणाले, "थे मुसयी नाई. थे मय्यत हाय."

मला ऐकू यावं म्हणून ते बोलले नव्हते, पण दुकान आणि माझी खोली यांत एकच भिंत होती. संध्याकाळी मी खोल्या सोडते म्हणून सांगायला गेले.

"सोडून कुठं जाता?" चाचा म्हणाले. "ज्यानं हरवलं त्यानंच शोधाले पाहिजे. दुसरा कोनी इतलं मन लावून शोधत नाई." आणि दुसरीकडे पाहत, "चूक माहीबी हाय. तिथं एक चिठ्ठी लावाले पाहिजे होती."

मुलांनो, मी बत्तीस वर्षं शिकवलं. इतक्या लवकर चूक वाटून घेणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

चाचांची आणखी एक रीत होती, आणि आमची सगळी आशा तिच्यावर होती. बाळंतिणीसाठी मुसळी नेणाऱ्या घराला ते पुडीबरोबर कधीकधी एक डोळाही देत आणि सांगत, "तुमच्या धुऱ्यावर लावा." धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. असे डोळे त्यांनी बरेच वाटले होते आणि ते सगळे त्याच टेकाडावरचे होते. मी वही काढली. चाचांना नावं आठवत नव्हती. त्यांना दुखणी आठवत. "एक थो, ज्याच्या सुनेले जुये झालते. एक थे बाई, पाय वाकडा." मी दुखण्यांची यादी केली आणि गावांप्रमाणे लावली. आषाढापासून दर रविवारी आम्ही एसटीनं मेडशीकडे जाऊ लागलो. चाचांच्या हाती छत्री, माझ्या हाती वही.

पहिल्याच रविवारी मला कळलं की मी एकटीच नव्हते. जुळ्यांच्या आजोबांचा धुरा तपकिरी जळालेला होता. तणनाशक मारलेलं. वाकड्या पायाच्या बाईंचाही तसाच. त्यांचा मुलगा म्हणाला, "चाचा, धुऱ्यावर गवत कोन ठेवते आजकाल? लोक आयशी म्हनतात." गवताचा धुरा आळशाचा आणि स्वच्छ धुरा ही शेतकऱ्याची इज्जत झाली होती. त्याला मी काय बोलणार? बंब माझाच होता. मी वहीत फुली मारत गेले. श्रावण लागला तेव्हा दोन पानांवर फुल्याच होत्या आणि एक नोंद उरली होती: 'म्हातारी, कमरेत लचक, दोन मुलगे, नेहमी भांडतात.'

म्हातारी वारली होती, ते चाचांना ठाऊकच होतं. मुलगे होते आणि भांडतही होते. वाटणीत मधला धुरा कोणाच्या हिश्शात, यावरून नऊ वर्षं कोर्टात दावा चालू होता, आणि निकाल लागेपर्यंत कोणीही धुऱ्याला हात लावायचा नाही असा हुकूम होता. त्यामुळे नऊ वर्षांत त्यावर नांगर नाही, फवारा नाही, विळासुद्धा नाही. दोन्हीकडे ओळीत उभं सोयाबीन आणि मधे सहासात पावलं रुंद असं एक जंगल. शतावरी बोरीवर चढलेली, खाली उपळसरी पसरलेली, आणि तिच्यामधून, जिथे पाहावं तिथे, पांढऱ्या फुलांचे दांडे.

चाचा चिखलात खाली बसले. त्यांनी हात लावला नाही, नुसते मोजत होते, आणि मोजता मोजता चुकत होते. थोरला भाऊ त्याच्या बाजूनं आला, धाकटा त्याच्या बाजूनं. माझ्या हातातली वही पाहून दोघांना वाटलं, कोर्टानं कोणी माणूस पाठवला.

"अल्ला करो अन् तुमचं भांडन शंभर वर्सं चालो," चाचा म्हणाले.

"काय बोलून राह्यले चाचा," थोरला म्हणाला. "आता तं मिटून राह्यलं. गावानं बसवलं आमाले. पुढच्या सोमवारी बैठक हाय. धुरा अर्धा अर्धा."

"मंग?"

"मंग काय. ज्यानं त्यानं आपला नांगरून घ्याचा."

परतताना एसटीत चाचा खिडकीतून मागे बघत राहिले. मी म्हटलं, आपण आताच काढून आणू. ते म्हणाले, फुलावर आलेलीला उपटलं तर मरेल. पानं वाळेपर्यंत थांबावं लागेल, आणि तोवर नांगर फिरेल. मालेगाव जवळ आल्यावर ते म्हणाले, "यायच्या मायनं मरताना माहा हात धरला होता. म्हने, चाचा, माह्या पोरायले एक करा. मी नऊ वर्सं दुआ केली. आता कोन्या तोंडानं उलटी दुआ करू?"

चाचा त्या बैठकीत एका वाक्यात मोडता घालू शकले असते. दोघांच्या बापाचा त्यांच्यावर विश्वास होता. हद्दीच्या खुणेचा मूळ दगड कुठे होता हे चाचांनी एकाच्या बाजूनं सांगितलं असतं, तर दावा आणखी नऊ वर्षं चालला असता आणि मुसळी वाचली असती. हे त्यांच्या मनात आलं होतं. त्यांनीच मला सांगितलं.

सोमवारी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले. मेडशीच्या पारावर दहाबारा माणसं होती. चाचांना मधे बसवलं. ते उभे राहिले.

"एक गुन्हा कबूल करतो," ते म्हणाले. "मी नऊ वर्सं दुआ केली का हे दोघं एक होवोत. मागच्या रविवारपासून म्हनून राह्यलो का नको होऊ."

माणसं हसली. धाकटा म्हणाला, "चाचा, पान्यात भिजले काय?"

"भिजलो. पन तुमची वाटनी चुकली. हिस्सेदार दोन नाईत, तीन हायत."

"तिसरा कोन?" थोरला एकदम ताठ झाला. एवढ्या वर्षांच्या दाव्यानंतर तिसऱ्याचं नाव म्हणजे काय, हे तुम्ही समजू शकाल.

"तुमच्या मायनं कमर धरून जे लावली थे. तुमच्या दोघायच्या लेकरायच्या वक्ताले याच धुऱ्यावरची बोटं लाडवात पडली. टेकाडावरची संपली, माह्या परसातली संपली. आता हे एकच घर हाय तिचं. तिचा हिस्सा तिले द्या."

मग थोरला म्हणाला, "मायची हाय तं राहू दे. पन यानं हयूहयू नांगर सरकवला तं?"

"मी काहून सरकवीन?" धाकटा उठला. "सरकवाची आदत कोनाची हाय थे सबन गावाले माहीत हाय."

"काढ नाव. काढ."

मिटत आलेलं भांडण पुन्हा पेटलं. चाचा डोळे मिटून बसले होते. त्या क्षणी मला सुचलं ते काही शहाणपण नव्हतं, निव्वळ सवय होती. मी पिशवीतून वही काढली, रेघ मारली आणि लिहायला लागले. माणसं गप्प झाली. कोणी लिहायला लागलं की आपली माणसं गप्प होतात. लिहून झाल्यावर मी शाळेत वाचते तसं वाचून दाखवलं: धुरा दोघांचाही आणि कोणाचाच नाही. जो आधी त्यावर नांगर, फवारा किंवा आग घालील, त्याचा हक्क गेला आणि सगळा धुरा दुसऱ्याचा झाला. मुसळी काढायची तर दोघांनी मिळून, पानं वाळल्यावर, डोळा मातीत ठेवून.

थोरल्यानं दोनदा वाचायला लावलं. "मंजे यानं फवारलं तं धुरा माहा?"

"हो."

"अन् यानं नांगरलं तं माहा," धाकटा म्हणाला.

"हो."

दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू दुसऱ्याची चूक आजच होणार आहे. आणि दोघांनी सह्या केल्या. चाचांनी साक्षीदार म्हणून उर्दूत सही केली. गावानं चहा पाजला. दावा मागे घेतला गेला. परतताना चाचा एसटीच्या खिडकीतून सगळे धुरे बघत होते. ते म्हणाले, "बाई, तुमची हे टापटीप लय खराब चीज हाय. पन एखाद्या वक्ती कामी येते."

कार्तिकात दोघा भावांच्या समक्ष आम्ही चार झुपके काढले. बोटं त्यांना वाटली, एकेक बोट डोळ्यापाशी ठेवलं, दोन डोळे तिथेच परत पुरले आणि दोन मालेगावला आणले. परसाच्या त्याच कोपऱ्यात ते लावले. चाचांनी मला हाक मारली आणि एक पत्र्याचा तुकडा हातात दिला. "लिवा," ते म्हणाले. मी लिहिलं: 'मुसळी. निजलेली आहे.' त्या घरात त्यांनी चालू दिलेली ती एकमेव चिठ्ठी. पुढच्या आषाढात तिथून हिरवं पातं वर आलं तेव्हा मी शाळेत पहिल्या तासाला उशिरा पोचले, आणि त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही.

त्या दिवाळीला चाचांनी वरच्या फळीवरची मुसळीची बरणी खाली काढली. आतली माझी बोटं विकली नाहीत. मी खोल्या सोडल्या तेव्हा ती मला दिली, झाकणाला फडकं बांधून. "याद म्हनून. वायवली सुरेख होती." ती आता माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. तिच्यावर चिठ्ठी लावलेली नाही. तुम्ही आलात की नाकानं ओळखा.

त्या कागदाचा एक परिणाम मी धरला नव्हता. कागद मी लिहिला म्हणून भावांनी मलाच कोर्ट ठरवलं. दर पावसाळ्यात दोघांकडून फोनवर धुऱ्याचे फोटो येतात, आपण हात लावलेला नाही याचा पुरावा म्हणून. थोरल्याच्या फोटोत धाकट्याच्या बाजूचं एखादं तुटलेलं पातं मुद्दाम जवळून घेतलेलं असतं, आणि धाकट्याच्यात थोरल्याच्या बैलाचा खूर. मुसळीला इतके कडक राखणदार कोणत्याच सरकारनं दिले नसते. निहार, हे तुझ्या दोन पानांत घाल.

या वर्षी मात्र एकच फोटो आला. मी घाबरले. कोणी कागद मोडला काय म्हणून थोरल्याला फोन केला. तो म्हणाला, "नाई बाई, दोघायचा एकच हाय. मी मोबाईल धरला, अन् थ्यानं पानं बाजूले केली. एकट्यानं फूल बराबर येत नव्हतं." मी फोटो पुन्हा पाहिला. पांढऱ्या दांड्याच्या खाली खरंच धाकट्याचा हात आहे, मातीनं भरलेला. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला की धाकट्याच्या मुलीला दिवस गेलेत. कार्तिकात दोन झुपके काढू, आणि डोळे टेकाडावर नेऊन लावू. तिथला वरचा उतार सोयाबीन पिकेना म्हणून मालकानं पडीक सोडला आहे. त्याला विचारून झालंय.

चाचा नाहीत. दुकान त्यांच्या मुलानं भाड्यानं दिलं, तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. वरच्या फळीवरच्या दोन बरण्या मी मागून आणल्या. मैदालकडीची अजून वास देते, आणि दुसरीचं नाव कोणालाच माहीत नाही. परस आहे, पत्र्याचा तुकडा आहे, त्याच्यामागे आता आठ झुपके आहेत. मेडशीचा धुरा सहासात पावलं रुंद आहे, दोन्ही शेतांची पूर्ण लांबी जातो, आणि त्यावर मुसळी आहे.